नावाची पट्टी

दोजोत, म्हणजे धनुर्विद्येच्या सरावाच्या दालनात, शिरलं की उजव्या हाताला ती भिंत. भिंतीवर लाकडी पट्ट्या टांगलेल्या, प्रत्येकीवर एकेक नाव उभं लिहिलेलं. उजव्या टोकाला मंडळाचा कॅप्टन, मग चौथ्या-तिसऱ्या वर्षाची पोरं, मग दुसऱ्याची, आणि पार डावीकडे यंदाची. धनुष्य कोणाला किती येतं ते नंतर. ज्याची पट्टी भिंतीवर तो इथला. ज्याची नाही तो आला-गेला.

बुनथानला ती पट्टी हवी होती. पदक नको, प्रमाणपत्र नको. वीतभर लाकूड हवं होतं.

तो लाओसमधल्या पाक्से गावचा. आई बाजारात रश्श्यातल्या शेवयांची गाडी लावते. जपानमधल्या त्सुरुनुमाच्या विद्यापीठात तो एक वर्षासाठी एक्स्चेंजवर आला, एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये इथे सगळंच नव्याने मांडतात. आवारात मंडळामंडळांची पोरं टेबलं लावून, घसा फोडून नव्या पोरांना ओढत असतात. एकदा मंडळात शिरलात की चार वर्षं तेच तुमचं घर आणि तीच तुमची गल्ली. ज्याला मंडळ नाही त्याने दुपारचं कुणाबरोबर खायचं हाही प्रश्नच. बुनथानला हे आठवड्याभरात उमगलं आणि तो धनुर्विद्येच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

टेबलामागे कुरोइवा होता. तिसऱ्या वर्षाचा, कॅप्टन, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली.

"लाओसहून? अरे वा! या, या. आमच्या मंडळाचा मानच आहे हा."

मान! माशी शिंकली ती तिथेच.

पहिल्या वर्षाच्या पोरांना इथे धनुष्य देत नाहीत. त्यांना काठीला बांधलेली रबरी नळी देतात. एप्रिल, मे, जून ती नळी ओढायची, पाय कसे रोवायचे, खांदा कसा सोडायचा. वर बाकीची सगळी कामं त्यांच्याच बोडक्यावर. पहाटे पलीकडचा, निशाणं ज्यात रोवतात तो वाळूचा बांध ओला करून थापायचा, बाण वेचायचे, पुसायचे, निशाणावर नवा कागद चिकटवायचा, फरशी घासायची. सेनपाई, म्हणजे वरच्या वर्षांची मंडळी, येण्याआधी सगळं लख्ख पाहिजे. नसलं तर गुडघ्यावर बसून बोलणी खायची. ही गंमत नाही, हाल असतात. पण हे हाल सगळे मिळून भोगतात, आणि त्यातूनच ती एकमेकांची होतात.

बुनथानच्या हातात दुसऱ्याच आठवड्यात खरं धनुष्य आलं.

"तुमच्याकडे वर्षच आहे ना," कुरोइवा म्हणाला. "नळी ओढत बसलात तर जाताना काय घेऊन जाल?"

"मी सगळ्यांबरोबर नळी ओढतो. चालेल मला."

"छे छे, तुम्हाला कसं सांगणार आम्ही!"

बाजूला बाराजण नळ्या ताणत उभे होते. त्यातला तोगाशी नावाचा एक जाडसर पोरगा हळूच म्हणाला, "मलाही लाओसला पाठवा रे कोणी. तिकडून येतो परत." शेजारची मिनागावा फिसकन हसली. कुरोइवाने नुसतं वळून पाहिलं, दोघांच्या नळ्या ताठ.

बुनथानला तो टोमणा समजला. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. निदान कोणी टोमणा तरी मारला. पुढच्या दहा महिन्यांत त्याच्यासमोर तेवढंही कोणी केलं नाही.

जुलैत नळी सुटली, धनुष्यं वाटली, आणि पट्ट्या लागल्या. दोजोचे म्हातारे गुरुजी स्वतः शाईने नावं लिहितात. कुरोइवाने एकेक नाव पुकारलं, एकेकाने पुढे होऊन आपली पट्टी आपल्या हाताने खिळ्याला अडकवली. तोगाशीची पट्टी उलटी लागली तेव्हा सगळे खो खो हसले. एक सेनपाई ओरडला, "अरे गाढवा, स्वतःचं नाव तरी ओळख!" बुनथान रांगेच्या शेवटी उभा होता. शेवटची पट्टी लागली. कुरोइवाने टाळी वाजवली. "चला, आता फोटो."

फोटोत बुनथानला मधोमध बसवलं. प्रत्येक फोटोत त्याला मधोमधच बसवत.

रात्री आईला तो फोटो पाठवला. आई म्हणाली, "बघ, किती जीव लावतात रे तुला! सगळ्यात पुढे तू."

"हो ना," तो म्हणाला.

परदेशी पोरांच्या वसतिगृहात, तळमजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात, अगाता भेटायची. पोलंडची, उंच, जिभेला हाड नसलेली. तिने बास्केटबॉलच्या मंडळात तीन आठवडे काढले आणि राम राम ठोकला होता.

"अरे, जावई आहेस तू त्यांचा," बटाटे सोलता सोलता ती म्हणाली. "जावयाला कोणी भांडी घासायला लावतं का?"

"मी घासायला तयार आहे."

"तू तयार असून काय उपयोग? सासू तयार नाही! मला म्हणायचे, अगातासान दमला असाल, बसा. मी त्या सगळ्यांपेक्षा टीचभर उंच, आणि मला बसवून ठेवायचे. मी म्हटलं, खड्ड्यात जा. आता आम्ही सहा परदेशी शनिवारी जेवतो, आपापसात रडतो. तूही ये."

"मी परदेशी लोकांना भेटायला जपानला नाही आलो."

"मग बस तिकडे फोटोत," अगाता म्हणाली आणि बटाटा पातेल्यात टाकला.

बुनथानने डोकं चालवलं. त्याचा हिशेब सरळ होता. ज्याचे हात वाळूत जातात त्याचं नाव भिंतीवर जातं. म्हणजे मागायचं नाही, काम करायचं. कोणीही रागाने पाहील असा हा विचार नव्हता. कोणत्याही गरिबाच्या पोराच्या डोक्यात हाच येईल. कष्ट दाखव, जागा मिळेल. जगात निम्म्या लोकांना याच आशेवर राबवून घेतलेलं आहे.

सप्टेंबरच्या एका सकाळी तो सगळ्यांच्या आधी दोजोत गेला. किल्ली छत्र्यांच्या स्टँडमागे असते हे सगळ्यांना ठाऊक. झारीने बांध भिजवला, थापीने थापला. डावी बाजू थोडी फुगली. निशाणांवर कागद चिकटवले, फरशीवरून ओलं फडकं फिरवलं. पोरं आली तेव्हा तो कपाळावरचा घाम पुसत उभा होता आणि हसत होता.

पोरांचे चेहरे पांढरे पडले.

"हे... हे तुम्ही केलंत?" मिनागावाने विचारलं.

"हो. उद्या आपण मिळून करू."

तोगाशी धावत बांधाकडे गेला, फुगलेली बाजू खरवडायला लागला. "अरे लवकर, लवकर! तो येईल!" तेवढ्यात कुरोइवा दारात. बांध पाहिला, बुनथानच्या हातातली थापी पाहिली. मग तो कमरेत वाकला. पोरांपुढे नाही, बुनथानपुढे.

"फार मोठी चूक झाली. पाहुण्याला आम्ही वाळूत हात घालायला लावला."

"नाही, नाही, मीच..."

"तुम्ही बसा." आणि मग पोरांकडे वळून, आवाज न चढवता, "खाली."

बाराही जण फरशीवर गुडघे टेकून बसले. कुरोइवा बोलत होता. लाज आहे का. लांबून माणूस येतो, त्याच्याआधी तुम्हाला उठवत नाही? मंडळाचं नाव काय घेऊन जाईल हा परत? बुनथान मध्येच म्हणाला, "कुरोइवासान, दोष माझा आहे." त्यावर कुरोइवा आणखी मऊ होऊन पोरांना म्हणाला, "बघा. वर तुमचा दोष तो स्वतःवर घेतोय."

त्या वाक्याने बुनथानचा उरलासुरला निकाल लागला. शिवी दिली तर माणूस भांडू शकतो. इतकं चांगलं म्हटल्यावर कुठे भांडणार?

नंतर एकेकाने येऊन माफी मागितली, बाराच्या बारा. तोगाशीही वाकला. तासाभराने बुनथान शेडमागे हात धुवायला गेला तर पलीकडून तोगाशीचाच आवाज आला. "कोणी सांगा रे त्याला, राजा, झोपून राहा म्हणावं! त्याची हौस होते आणि गुडघे आपले सोलतात."

"हळू बोल," मिनागावा म्हणाली. "वाईट नाहीये तो."

"वाईट असता तर बरं होतं गं! दोन शिव्या हासडल्या असत्या, विषय संपला असता."

बुनथानने नळ बंद केला नाही. पाणी वाहतंय म्हणजे इथे काही ऐकू येत नाहीये, असं त्यांना वाटू दे.

दुसऱ्या दिवसापासून पोरं अर्धा तास आधी यायला लागली. आता त्यांच्या आधी पोचणं त्याला जमणारच नव्हतं. त्याच्यामुळे बारा जणांची अर्ध्या तासाची झोप गेली. ते कोणी त्याला बोललं नाही. फक्त कँटीनमध्ये तो ताट घेऊन आला की सगळे सरकून मधली खुर्ची रिकामी करायचे, विचारायचे, "तुमच्याकडे तिखट खातात ना? थंडी बाधत नाही ना?" आणि मग आपापलं पटापट संपवून उठायचे. बुनथानच्या उडॉन शेवयांमधून अजून वाफ निघत असायची.

मंडळाची जेवणं व्हायची तेव्हाही तसंच. धाकट्यांनी मोठ्यांचे ग्लास भरायचे ही इथली रीत. बुनथानने बाटली उचलली की कोणीतरी अदबीने काढून घ्यायचं आणि त्याचाच ग्लास भरायचं. पहिली बैठक उठली की दुसरीकडे दुसरी बैठक. तिथे म्हणे कुरोइवासुद्धा गळ्याची गुंडी सोडतो, धाकटे त्याची नक्कल करतात, कोणी रडतं, कोणी कोणाला टोपणनाव ठेवतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने हाका सुरू. बुनथानला दोन बैठकींच्या मधल्या वाटेवर टॅक्सीत बसवायचे. "दमला असाल. भाडं दिलंय आम्ही."

इतक्या महिन्यांत त्याला कोणी 'अरे' म्हटलं नव्हतं. तोगाशी 'तोगा' झाला, मिनागावा 'मिना' झाली, एक किडकिडीत पोरगा 'बोंबील' झाला. बुनथान मात्र आदराचा 'सान' लावून बुनथानसानच.

ऑक्टोबरात त्याचा धीर सुटला. कँटीनमध्ये कुरोइवा एकटा करी-भात खात होता. बुनथान समोर बसला आणि पहिल्यांदाच आडवळण न घेता म्हणाला, "मला भिंतीवर पट्टी हवी आहे."

कुरोइवाने चमचा ठेवला. मान एका बाजूला कलली, दातांतून श्वास आत ओढला. हा आवाज ऐकला की इथला कोणीही पुढचं विचारत नाही. बुनथान थांबला नाही.

"मी सराव चुकवलेला नाही. बाण लागतायत आता. मग का नाही?"

"तुम्ही मार्चमध्ये जाणार."

"मग?"

"पट्टी लावली की ती सरकत जाते," कुरोइवा शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला. "दरवर्षी उजवीकडे. शिक्षण संपलं की वरच्या ओळीत जाते, माजी लोकांच्या. तुम्ही ना पुढच्या वर्षात जाणार, ना इथून पदवी घेणार. तुमची पट्टी सरकणार कुठे? काढावी लागेल. आणि आमच्याकडे पट्टी काढतात ती दोनदाच. माणूस मेला तर, नाहीतर मंडळातून हाकलला तर. तुमची पट्टी मी माझ्या हाताने काढू? इतकं अशुभ?"

"मग काढू नका. राहू दे तिथेच."

कुरोइवा हसला, अगदी मनापासून. "रांगेत अडकून राहील ना ती! मागच्यांनी जायचं कुठून?"

माणूस वाईट नव्हता. त्याने भेद केला नव्हता, त्याला काळजी होती. भिंतीला नियम होता आणि नियमात एक वर्षाचा माणूसच नव्हता. एक वर्षाच्या माणसाला बोलावणं मात्र दरवर्षी जायचं, विद्यापीठाच्या रंगीत पत्रकात कोणाचा तरी फोटो लागतोच.

"मी विचार करतो," उठताना कुरोइवा म्हणाला.

हे अगाताला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "विचार करतो म्हणाला? संपलं तुझं."

"तू सगळ्यांना एकाच मापाने मोजतेस."

"आणि तू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसतोस, आता हा तुकडा टाकेल, मग टाकेल. लाज नाही वाटत?"

वाटत होती. पण आशा ही फार निर्लज्ज गोष्ट आहे. कुरोइवाने खरंच विचार केला तर? डिसेंबरात बर्फ पडलं, दोजोच्या उघड्या बाजूने वारा आत घुसायचा, बोटं बधिर व्हायची. बुनथान एक दिवस चुकला नाही. जानेवारीत त्याचे चारपैकी तीन बाण लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोगाशीचे तीन लागले तेव्हा त्याच्या पाठीत गुद्दे घातले.

फेब्रुवारीत परीक्षा आटोपल्या आणि दोजोत त्याचा निरोपसमारंभ झाला. रॉकेलची शेगडी, कागदी थाळ्या, भाताचे गोळे, तळलेलं चिकन. म्हातारे गुरुजीही आले होते. कुरोइवा उठला, घसा साफ केला. "ऑक्टोबरात बुनथानसाननी मला एक गोष्ट मागितली होती. मी विचार करतो म्हटलं होतं. तेव्हापासून विचारच करत होतो."

बुनथानची नजर आपोआप भिंतीच्या डाव्या टोकाकडे गेली. तिथे पुढच्या एप्रिलच्या पोरांसाठीचे खिळे रिकामे होते.

कुरोइवाने जांभळ्या कापडात बांधलेली एक पेटी पुढे केली. आत, मऊ कागदावर, पट्टी. सुवासिक लाकडाची, भिंतीवरच्या कुठल्याही पट्टीपेक्षा देखणी. गुरुजींच्या हातचं उभं नाव. बुनथान.

"तुमच्या घरी, लाओसमध्ये, तुमच्या भिंतीवर लावा," कुरोइवा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तिथून ती कोणालाच काढावी लागणार नाही."

टाळ्या. मिनागावा रडत होती. गुरुजी मान डोलावत होते. कुरोइवाने चार महिने डोकं झिजवून वाट काढली होती, आणि ती इतकी प्रेमळ होती की तिला लाथ मारायला माणूस राक्षस पाहिजे.

"आवडली?"

"खूप," बुनथान म्हणाला. मग फोटो. तो मधोमध, पेटी छातीशी.

निघायच्या सकाळी त्याने सामान बसथांब्यावर अगाताच्या ताब्यात दिलं आणि "आलोच" म्हणून दोजोकडे गेला. किल्ली छत्र्यांमागे. आत कोणी नव्हतं. डावीकडच्या पहिल्या रिकाम्या खिळ्याला, तोगाशीच्या नावाशेजारी, त्याने आपली पट्टी अडकवली. सरळ केली. मागे सरकून पाहिली. एवढ्या नावांत एक नाव, वेगळं लाकूड जरा जास्त उठून दिसतंय, पण होईल जुनं. त्याने कोणाची परवानगी घेतली नाही. वर्षभरात पहिल्यांदाच.

तो परत येईपर्यंत अगाताची कॉफी संपली होती. "कुठे गेला होतास?"

"एक काम राहिलं होतं."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या गळ्यात आपला मफलर टाकला. "लाओसमध्ये उकाडा असतो, माहितीये. तरी घे, गाढवा." विमानतळाची बस आली. सामान बसच्या पोटात गेलं. बुनथान पायरीवर चढला.

"अरे बुन! ए बुन, थांब! थांब ना रे!"

रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मधोमध पुरलेल्या नळ्यांतून पाणी उडत होतं. त्या पाण्यातून, चिखलातून तोगाशी धावत येत होता, मागे मिनागावा. तोगाशीच्या पायात बूट नव्हते. दोजोतले पांढरे मोजे तसेच, काळे ठिक्कर झालेले. छातीशी प्लास्टिकची पिशवी कवटाळलेली.

बुनथान पायरीवरून उतरला. तोगाशी त्याला अरे म्हणाला. बुन म्हणाला.

तोगाशी समोर येऊन थांबला, धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवले, आणि मग एकदम ताठ होऊन वाकला. "माफ करा. घाईत तोंडातून काहीही गेलं. बुनथानसान, तुम्ही विसरलात!"

पिशवीत पट्टी. बर्फाचं पाणी लागू नये म्हणून दुहेरी गुंडाळलेली.

"मीच बघितली," मिनागावा म्हणाली, गाल लाल. "बांध करायला आलो तर भिंतीवर! तुम्ही शेवटची एकदा लावून पाहिली असेल ना, फोटोसाठी? आणि गडबडीत राहिली. कुरोइवा सेनपाई म्हणाले, धावा, बस सुटेल. काढायची म्हणजे अशुभ, म्हणून त्यांनी आधी हात जोडले, मग स्वतः काढली. ओरखडा नाही पडलेला, बघून घ्या."

अगाताने डोळे मिटून घेतले.

बुनथानने तोंड उघडलं. सांगता आलं असतं. मी विसरलो नव्हतो, मी लावली होती. एका वाक्याचं काम. समोर तोगाशी हसत होता, एवढं मोकळं तो त्याच्याकडे पाहून कधीच हसला नव्हता. पाहुण्याची राहिलेली वस्तू पोचवली, याचं समाधान त्या गोल चेहऱ्यावर मावत नव्हतं. त्याच्या पायाची बोटं गारठून आत वळली होती. सांगितलं असतं तर उद्या सकाळी ही बाराजणं पुन्हा गुडघ्यावर बसली असती.

"आभारी आहे," बुनथान म्हणाला. "मी असाच. वेंधळा."

"हुश्श! वेळेवर पोचलो," तोगाशी म्हणाला.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बुनथान आत जाऊन बसला, पिशवी मांडीवर. दार बंद झालं. काचेतून दिसत होतं, अगाता खिशात हात घालून निघून चालली होती, आणि तोगाशी एका पायावर उभा राहून मोजा पिळत होता. मिनागावाने त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, काहीतरी ओरडली. ऐकू येत नव्हतं. बूट तरी घालायचे होतेस, असलंच काहीतरी असणार. त्यानेही तिच्यावर तो ओला मोजा भिरकावला. ती किंचाळून पळाली, तो लंगडत मागे. सराव सुरू व्हायची वेळ झाली होती.

बस हलली तेव्हा थांब्यावर कोणी नव्हतं.